पास्कूअंकलचे मार्क

पास्कूअंकल आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा दारात चपला काढून सरळ संडासात गेले. घाईची लागली असेल असं समजून मी पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर थांबले. दोन मिनिटांनी ते आले, तर्जनी माझ्या नाकासमोर धरली आणि म्हणाले, "मीनल बाय, फ्लशच्या टाकीमागे कधी हात घातला होतास?" बोटाला करडा, चिकट मळ लागला होता. माझी सात वर्षांची ईरा किंचाळली, "ईऽऽ मम्मा, अंकल टच्ड द पॉटी!" माझ्या नवऱ्याने, प्रसादने, टीव्हीचा आवाज वाढवला. मी आदल्या दिवसापासून राबून मसालेभात आणि भरली वांगी केली होती, टेबलावर नवं कापड घातलं होतं, आणि हा माणूस मला माझ्याच घरातला मळ दाखवत होता. मला लाज वाटली आणि लाजेपेक्षा राग जास्त आला. अंकलनी कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, मांडी घालून खुर्चीत बसले आणि तीनदा भात मागून घेतला. निघताना प्रसादला म्हणाले, "राग नका मानू हां. हॉलमध्ये सगळेच साहेब असतात. माणूस कळतो तो संडासात."

पास्कल लोपीस हे त्यांचं पूर्ण नाव. वसईकडच्या एका गावातले कॅथलिक. घरची केळीची वाडी भावांच्या वाटणीत गेल्यावर रूमबॉय म्हणून दुबईत आले आणि तीस वर्षं इथेच राहिले. मी त्यांना भेटले तेव्हा ते आमच्या कंपनीत ट्रेनर होते. आमची कंपनी हॉटेलांना आणि मॉलना सफाईची माणसं पुरवते. मी दुबईच्या देरा भागातल्या एसी ऑफिसात एचआरमध्ये बसून त्या माणसांच्या फायली सांभाळते. अंकल बसायचे मुहैस्नाहच्या कामगारांच्या कॅम्पात, ज्याला इथला प्रत्येक भारतीय सोनापूर म्हणतो. सोनापूरला सोनं कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही. कॅम्पातल्या एका शेडमध्ये कंपनीने हॉटेलची खोटी खोली उभारली होती. खरा पलंग, खरा आरसा, खरा कमोड, फक्त पाहुणा नाही. नवी माणसं आली की अंकल त्यांना तिथे तीन आठवडे घासून घ्यायचे आणि शेवटी परीक्षा.

परीक्षेचे मुद्दे वीस, प्रत्येकी पाच मार्क. कानावरची पेन्सिल काढून अंकल मार्क लिहायचे आणि एकदा लिहिलेला आकडा खोडायचे नाहीत. आमच्या जीएमच्या, म्हणजे जनरल मॅनेजरच्या, ओळखीतल्या कुणाचा तरी पुतण्या सुपरवायझर व्हायला आला होता, त्याला अंकलनी अडतीस दिले. जीएमनी फोन केला, "अंकल, थोडा ॲडजस्ट करो ना." अंकल म्हणाले, "साब, कमोड ॲडजस्ट नहीं होता." पुतण्या परत गेला. हा किस्सा सांगताना अंकल हसायचे नाहीत, कारण त्यांच्या लेखी त्यात विनोद नव्हताच.

दुबईपासून दीड-दोन तासांवरच्या खोर फक्कान गावातल्या एका हॉटेलात मी त्यांना काम करताना पाहिलं. नवी तुकडी प्रत्यक्ष कामावर सोडायची होती, कागदपत्रांसाठी मीही गेले होते. पहिलीच खोली अशी निघाली की काय सांगू. तिथे दारूबंदी असूनही कुणी तरी रात्रभर पिऊन गालिचावर, चादरीवर, पडद्यावरसुद्धा ओकलं होतं. ती आंबट वाफ नाकात शिरली आणि मी पदराने, म्हणजे ओढणीने, तोंड झाकून दारातच उभी राहिले. दोन मुली जिन्याकडे पळाल्या. अंकल गुडघ्यावर बसले आणि हातमोजे चढवले. "नाक मुरडायला पगार मिळत नाही," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य, ते त्यांनी इंग्रजीत सांगितलं. "तोंडाने श्वास घ्या. यल्ला, चला!" त्यांची मदतनीस लिझा त्यांच्या शेजारी बसलीच होती. लिझा फिलिपिनो, चव्वेचाळीस वर्षांची, कंपनीत बारा वर्षं झालेली. आणि तिसरी बसली ती नव्या तुकडीतली एक केनियन मुलगी, कुणी न सांगता. तिचं नाव मर्सी. गावी प्राथमिक शाळेत शिकवायची. तिघांनी मिळून तासाभरात ती खोली अशी केली की मी आत जाऊन पलंगावर बसले. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये अंकलनी मर्सीच्या कागदावर चौऱ्याण्णव लिहिले. लिझाचेही चौऱ्याण्णवच होते, बारा वर्षांपूर्वीचे. त्यावर कुणी गेलं नव्हतं.

आता या दोघींच्या पगाराचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. लिझाला चौदाशे दिरहम, म्हणजे आपले तेहतीस-चौतीस हजार. मर्सीला हजार, म्हणजे चोवीसच्या आसपास. बारा वर्षांचा अनुभव म्हणून हा फरक, असं वाटेल. तसं नव्हतं. काल उतरलेल्या फिलिपिनो मुलीलाही चौदाशेच होते. पुण्याहून आले तेव्हा माझी समजूत होती की पगार शिक्षणावर किंवा कामावर ठरतो. पहिल्याच आठवड्यात मला एक तक्ता दाखवला. डावीकडे कामाची नावं, वरच्या ओळीत देशांची. तोच मॉप, तीच फरशी, तोच कमोड, आणि देशागणिक आकडा वेगळा. कुणी लपवत नाही की लाजत नाही. 'मार्केट रेट' म्हणतात त्याला. "इकडे माणसाला नाव नंतर विचारतात बाय," अंकल म्हणायचे, "आधी पासपोर्ट. आकाशातल्या बापाकडेसुद्धा असाच काउंटर असेल तर मी परत फिरणार."

आम्ही शिकलेली मराठी माणसं तरी काय वेगळी? आमच्या बायकांच्या हळदीकुंकवात, अडीच हजार दिरहमच्या साड्या नेसून, वाटली डाळ खाताना चर्चा काय, तर घरकामाला कुठली बाई ठेवावी. "फिलिपिनो ठेव गं, मुलांचं इंग्लिश सुधारतं." "अगं पण केनियन स्वस्त पडते, आणि दणकट असते." भाजीच्या गाड्यावर पडवळ आणि दुधी निवडावा तशी माणसं निवडायची. मी त्या बायकांत बसून मान डोलावलेली आहे. ते आठवलं की डाळ घशाशी येते.

तर एका युरोपियन हॉटेलवाल्या क्लायंटने कंत्राट वाढवण्याआधी कंपनीकडे अहवाल मागितला. तुमची माणसं कशी राहतात, काय खातात, घरी काय पाठवतात, वगैरे. जीएमनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मीनल, फिलिपिनो और केनियन, दोनों कम्युनिटी का कम्पॅरिझन बना दो. अच्छा-सा." मला आनंद झाला. खरंच झाला, खोटं कशाला बोलू! मला वाटलं, हीच संधी. दोघींचं आयुष्य शेजारीशेजारी मांडलं, काम सारखं आणि पगार असा, हे क्लायंटच्या डोळ्यांसमोर आणलं, की कंपनीला लाजेकाजेस्तव केनियन मुलींचा पगार वाढवावा लागेल. मर्सीचे चौदाशे होतील. मी मनातल्या मनात तिला बातमीसुद्धा सांगून टाकली होती.

माणसं माझ्याशी बोलणार नाहीत, अंकलशी बोलतील, म्हणून मी सोनापूरला गेले. अंकल बाथरूमच्या मोरीची जाळी उलटी करून घासत होते. मी सगळं सांगितलं. ते घासायचे थांबले नाहीत.

"नको करू," ते म्हणाले.

"का?"

"दोन ताटं शेजारी ठेवलीस ना बाय, की बघणारा लहान ताटात वाढत नाही. मोठ्या ताटातलं काढतो."

"अंकल, तो जमाना गेला. क्लायंट युरोपियन आहे. त्यांच्याकडे या गोष्टी बघतात."

"बघतात. आम्ही पण रोज बघतो."

"मग मर्सीने जन्मभर हजारावर राहायचं?"

हे मी मुद्दाम म्हटलं. मर्सी त्यांची लाडकी होती, ते मला ठाऊक होतं. त्यांनी जाळी खाली ठेवली, हात धुतले आणि म्हणाले, "चल. पण खोटं एक अक्षर लिहायचं नाही." मी शब्द दिला. शब्द पाळलाही.

सहा आठवडे सुट्टीच्या दिवशी आम्ही खोल्याखोल्यांतून फिरलो. फिलिपिनो मुलींची माणसं इथे दोन पिढ्या येत होती आणि ते जाणवायचं. खोलीत भाताचा कुकर, भिंतीवर गायनमंडळाचं वेळापत्रक, वकिलातीत कुठल्या खिडकीवर तक्रार करायची ते पाठ. प्रत्येकीच्या पलंगाखाली पुठ्ठ्याचं मोठं खोकं. साबण, टिनचे मासे, चॉकलेटं, भाच्याचे बूट, असं महिनोन्‌महिने भरत जायचं आणि जहाजाने घरी पाठवायचं. लिझाची मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचा पांढरा कोट लिझाने आधीच घेऊन खोक्यात सगळ्यात वर घडी करून ठेवला होता. नवी मुलगी आली की पहिल्या रात्री तिच्यासाठी जेवण तयार असायचं. कुणीही सांगत नसे, पद्धतच होती.

केनियन मुली नवख्या. त्यांच्याआधी आलेलं कुणी नाही, त्यामुळे विचारायचं कुणाला? एजंटने सांगितलेलं काम एक, हातात आलेलं दुसरं. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि कोबी, रोज तेच. पगार झाला की संध्याकाळच्या आत फोनवरून पैसे गावी. गावाला पगाराची तारीख पाठ, त्यामुळे खोक्यात साठवायला काही उरायचंच नाही. पण त्यांनीही दहाजणींची भिशी चालू केली होती, अगदी आपल्यासारखी, चिठ्ठ्या टाकून. मर्सी तिचा हिशेब ठेवायची आणि आजारी पडणारीला पहिला नंबर द्यायची. मी हे सगळं लिहून घेत होते आणि मला भरून येत होतं. त्या मुली बोलायच्या त्या अंकलकडे बघून. मी वहीत बघत असायचे.

आणि मग मी शहाणपणा केला. अहवाल भक्कम व्हावा, कुणी म्हणू नये की पगार कमी कारण काम कमी, म्हणून मी शेवटी एक रकाना जोडला. अंकलच्या परीक्षेचे मार्क. चार वर्षांचे सगळे कागद अंकलनी मला पिशवीत भरून दिले. फिलिपिनो मुलींची सरासरी आणि केनियन मुलींची सरासरी यांत अर्ध्या मार्काचाही फरक नव्हता. मला वाटलं, हा हुकमाचा एक्का. अंकलना दाखवला तेव्हा त्यांनी पेन्सिलीने दोन्ही बेरजा पुन्हा करून बघितल्या. "बरोबर आहे," एवढंच म्हणाले.

मीटिंगमध्ये जीएमनी पानं भराभर उलटली. खोकं, भिशी, नर्सिंगचा कोट, यावर त्यांची नजर टिकली नाही. शेवटच्या रकान्यावर त्यांनी बोट ठेवलं. बोटात अंगठी, नख पॉलिश केलेलं.

"क्वालिटी सेम है?"

"येस सर," मी अभिमानाने म्हटलं. "बिलकुल सेम."

"हजार में?"

"येस सर."

ते खुर्चीत मागे रेलले. "तो फिर हम चौदह सौ क्यों दे रहे हैं?"

टेबलाभोवतीचे पाचही जण हसले. मी बोलायला तोंड उघडलं, "सर, माझा मुद्दा उलटा होता," असं इंग्रजीत काही तरी म्हटलंही, पण तोवर कॉफी आली होती. बाहेर पडताना जीएमनी पाठीवर हात ठेवला. "ब्रिलियंट वर्क, मीनल. डेटा हो तो ऐसा हो." तो हात पाठीवर अजून जाणवतो मला. खोर फक्कानच्या खोलीतली घाण निदान धुऊन निघाली होती.

क्लायंटला अहवालाची वेगळी, गुळगुळीत प्रत गेली. तिच्यात मार्क नव्हते आणि पगारही नव्हते. खोक्यांचे फोटो मात्र होते. त्यांनी कौतुकाचं पत्र पाठवलं.

पुढच्या महिन्यापासून फिलिपिनो मुलींचे करार जसजसे संपत गेले, तसतसा प्रत्येकीसमोर एकच कागद यायला लागला. हजारावर सही करा, नाहीतर खलास, तिकीट तयार आहे. तरुण मुलींनी दुसऱ्या नोकऱ्या शोधल्या. लिझाला चव्वेचाळीसाव्या वर्षी कोण घेणार? आणि हजारात मुलीची शेवटच्या वर्षाची फी निघत नव्हती. तिच्या हातात पाच आठवडे होते.

अंकल माझ्याशी भांडले नाहीत. ते भांडले असते तर बरं झालं असतं. एका सकाळी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून देऱ्याच्या ऑफिसात आले. हातात फाइल. जीएमच्या केबिनमध्ये मला बरोबर घेऊन गेले, बसायला सांगितलं तरी बसले नाहीत. "साब, मेरे मार्क गलत थे," ते म्हणाले. "आँख कमजोर हो गया है. मैंने केनियन लड़कियों का फिरसे टेस्ट लिया. पचास-पचपन के ऊपर कोई नहीं है." त्यांनी चाळीस कागद टेबलावर ठेवले. सगळे नव्याने लिहिलेले, पेनने. वरचाच कागद मर्सीचा होता. बावन्न.

मी अंकलकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. जीएमच्या ओळखीतल्या त्या पुतण्याला अर्धा मार्क वाढवून न देणारा हा माणूस एका रात्रीत चाळीस जणींना खोटं नापास करून आला होता, एका लिझासाठी. तीस वर्षांत त्याच्याकडे स्वतःचं म्हणून एवढंच जमलं होतं आणि तेच तो टेबलावर ठेवत होता. जीएमनी कागद चाळले. मग मोठ्याने हसले. "अंकल, टेन्शन मत लो. हजार में पचपन भी चलेगा."

बाहेर कॉरिडॉरमध्ये अंकल भिंतीला टेकून उभे राहिले. मी चिडून म्हटलं, "मर्सीला कळलं तर?"

"लिझा वाचली असती तर मी मर्सीला जाऊन सांगितलं असतं," ते म्हणाले. "तिने समजून घेतलं असतं. आता काय सांगू, जेजू देवा?"

लिझा गेली. मी विमानतळावर गेले नाही, माझी हिंमत झाली नाही. अंकल गेले होते. खोकं अर्धंच भरलं होतं, ते त्यांनी स्वतः टेप लावून बांधलं. तो पांढरा कोट लिझाने बाहेर काढून हातातल्या पिशवीत घेतला, असं ते म्हणाले. मुलीचं पुढे काय झालं, ते मला माहीत नाही. विचारायला मला तोंड उरलेलं नाही.

पण खरं किळसवाणं पुढेच आहे. केनियन मुलींच्या करारात एक कलम होतं. वर्ष पूर्ण झालं आणि काम समाधानकारक असलं, की पन्नास दिरहमची वाढ. वर्ष भरलं. जीएमनी फाइल मागवली आणि अंकलचे ते चाळीस कागद बाहेर काढले. "ट्रेनर की रिपोर्ट में सब फेल हैं. इन्क्रिमेंट कैसे देंगे?" एका कागदावर लिहिलं होतं की या मुलींचं काम फिलिपिनो मुलींइतकंच चांगलं आहे, म्हणून फिलिपिनो मुलींना काढलं. दुसऱ्यावर लिहिलं होतं की यांचं काम वाईट आहे, म्हणून यांची वाढ नाकारली. दोन्ही कागद एकमेकांना खोटं पाडत होते आणि एकाच फायलीत सुखाने नांदत होते. मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि ओकले. मग तोंड धुऊन जागेवर आले आणि चाळीस पत्रं छापली. 'आपली कामगिरी अपेक्षेपेक्षा कमी असल्याने'. खाली सही कुणाची, तर एचआरची. म्हणजे माझी.

पत्राबरोबर मार्कांची प्रत जोडायची असते. मर्सी ती घेऊन ट्रेनिंगच्या शेडमध्ये आली, तेव्हा मी तिथेच होते. तिने कागद अंकलसमोर धरला. आवाज चढवला नाही. शाळेतल्या बाईसारखीच बोलली, सावकाश, स्वच्छ इंग्रजीत. "मीही मार्क देत होते, अंकल. ज्याला नापास करायचे त्याला समोर बसवून सांगायचे." अंकलनी काही समजावलं नाही. लिझाचं नावही काढलं नाही. मी सांगायला पुढे झाले तर त्यांनी मराठीत मला दरडावलं, "गप्प बस. तिला त्याने काही मिळणार नाही. तुला तुझ्यासाठी सांगायचंय." ते खरं होतं. मी गप्प बसले. मला त्या क्षणी अंकलचाही राग आला, हे लिहून ठेवते. चांगलं माणूस चांगल्यासाठी खोटं बोललं, तरी ते खोटं कुणाच्या तरी पाठीवर बसतंच.

त्यानंतर मर्सी कामापुरती हो-नाही बोलायची. अंकलनी राजीनामा दिला. "आता माझ्या मार्कांना कोण विचारणार? मलाच विश्वास नाही," म्हणाले.

शेवटच्या दिवशी शेडमध्ये नवी तुकडी बसली होती. अंकलनी मर्सीला निरोप पाठवला की एकदा ये, खोली लावून दाखव. मला वाटलं ती येणार नाही. आली. तिने पलंग लावला, आरसा पुसला, कमोड घासला, चाळीस मिनिटं, एक शब्द न बोलता. नव्या मुली श्वास रोखून बघत होत्या. मग अंकल उठले. पलंगाच्या चारी कोपऱ्यांना हात लावला, आरशावर तिरकं बघितलं, गुडघ्यावर बसून संडास तपासला. पेन्सिलीने वीस आकडे लिहिले, बेरीज केली आणि सगळ्यांसमोर वाचली. "नाइन्टी फोर." मग इंग्रजीत म्हणाले, "हे पहिल्या दिवसापासून एवढेच होते. मधला कागद मी खोटा लिहिला. तुझी चूक नव्हती. माझी होती."

मर्सीने कागद घेतला. वाचला, घडी घातली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नुसता कंटाळा होता, थकलेल्या माणसाचा.

"थँक यू, अंकल," ती म्हणाली. "हे दिरहममध्ये किती होतात?"

आणि कामावर निघून गेली. अंकल पेन्सिल हातात धरून उभे होते. नव्या मुलींपैकी एकीला वाटलं की हसायचं असतं. ती हसली आणि लगेच थांबली.

अंकल वसईला आहेत. भावाने वाडीत एक खोली दिली आहे. महिन्यातून एकदा फोन होतो, ईराचं कसं चाललंय विचारतात, फार काही नाही. गेल्या आठवड्यात मीच फोन केला. मला शिव्या खायच्या होत्या, दुसरं काही नाही. म्हटलं, "अंकल, जीएमनी नवीन कम्पॅरिझन मागितलंय. केनियन आणि युगांडाच्या मुली. युगांडाच्या आठशेत यायला तयार आहेत."

मीच पुढे सांगत गेले.

"मी सांगणार होते की जमणार नाही. पण ईराची शाळेची फी, घराचं भाडं... मी नाही केलं तर दुसरं कुणी करेल, अंकल."

"केलंस?"

"काल दिलं."

मला वाटलं आता बोलतील. बोलावं, अशी माझी इच्छा होती. अंकल म्हणाले, "मर्सीचा करार कधी संपतो?"

"मार्चमध्ये," मी म्हटलं.

तेवढ्यात ईरा जेवायला हाक मारायला आली आणि मी फोन ठेवला. मी हात धुतले, साबण लावून, कोपरापर्यंत नाही. मग जाऊन जेवले.